फळीखालचा जोड

समजा, तुम्हाला एकट्यानं नावेतली बसायची फळी पक्की करायची आहे. नाव फायबरची, जुनी, बाहेरचा निळा रंग जागोजागी उडालेला. तुम्ही ती पाण्यातून ओढून काठावर दोन फाटक्या टायरांवर ठेवली आहे. फळी आडवी बसते. तिच्या दोन्ही टोकांखाली आधाराला एकेक लाकडी पट्टी असते, आणि त्या पट्ट्या नावेच्या आतल्या अंगाला चिकटवायच्या असतात. खिळा मारता येत नाही, कारण खिळ्याचं भोक म्हणजे पाण्याला दिलेलं आवतण. चिकटवायला इपॉक्सीचे दोन डबे आहेत. एकात रेझिन, मधासारखं दाट. दुसऱ्यात हार्डनर, नाकाला झोंबणारं. वेगळे असतात तोवर दोन्ही डबे वर्षभर कोपऱ्यात गप्प बसतील. एकत्र केले की मात्र ते कुणाची वाट पाहत नाहीत. कालवलेला रस आधी कोमट होतो, मग घट्ट होतो, आणि तुम्ही मधेच मेंढरू हाकलायला उठलात तर परत येईपर्यंत ताटलीत दगड झालेला असतो.

दोघं असले की एक कालवतो, एक धरतो. एकट्याला उजवा हात चिकट कामाला द्यावा लागतो आणि डावा कोरडा राखावा लागतो. कितीही अडलं तरी डावा हात रसात जाऊ द्यायचा नाही. डबा उघडायला, घाम पुसायला, फोन उचलायला तोच काय तो उरलेला असतो. पट्ट्या दोन, दोन्हीकडं एकाच वेळी दाबून धरायच्या, आणि माणूस एक. यावर इलाज म्हणजे वेळू. दोन पट्ट्यांमधल्या अंतराहून किंचित लांब कापायचा आणि मधे ठोकून बसवायचा. तो दोघींना आपापल्या भिंतीकडं रेटत राहतो. रात्रभर रेटतो, कुरकुर करत नाही.

इथवर सगळं सोपं आहे. अवघड आहे ते याच्या आधीचं, जिथं चिकटवायचं ती जागा तयार करणं. ती तयार झाली की नाही हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि सटवाची पहिली फळी त्याच न दिसणाऱ्या गोष्टीनं पाण्यात घातली होती.

सटवा धनगराचा. माजलगावच्या धरणाचं पाणी मागं जिथवर फुगतं, तिथल्या एका चिंचोळ्या माळावर त्याची वस्ती. घरात तो, बायको अंजू आणि आई तुळजाबाई. लेक अंबाजोगाईला नर्सिंग शिकते, सुट्टीला येते. मेंढरं त्याच्या आजाच्या वेळेपासूनची. नाव मात्र त्यानंच घरात आणली, एका मच्छीमाराकडून जुनी घेतली, आणि ती अंजूसाठी आणली.

अंजू पलीकडच्या गावात अंगणवाडीत मदतनीस आहे. गाव वस्तीवरून समोर दिसतं. शाळेचे पत्रे दिसतात, पाण्याची टाकी दिसते, वाळत घातलेली लुगडी कोणत्या रंगाची आहेत तेही दिसतं. पण मधे पाणी. रस्त्यानं जायचं तर फाट्यापर्यंत पायी, तिथून मिळेल ती जीप, उतरल्यावर पुन्हा पायी. नावेनं निघालं तर घरची चूल विझायच्या आत माणूस पलीकडं. नाव आली तेव्हा तिच्यात मधली फळी नव्हती. तळाशी पाणी साचायचं आणि अंजू ओल्या लुगड्यानं पोरांना खिचडी वाढायची. म्हणून सटवानं फळी बसवायचं मनावर घेतलं.

माजलगावात भारत नावाचा त्याच्याच वयाचा एक जण फायबरच्या टाक्या, दारं, मूर्तीचे साचे असलं काम करतो. रीत त्यानं सांगितली. सटवानं ती पाळली. फळी बसल्यावर तो तिच्यावर उभा राहून नाचला, आणि काठावर उभी असलेली अंजू पदर तोंडाला लावून हसली. तो उन्हाळा गेला, पाऊस लागला, पाणी चढलं. फळी हूं की चूं करत नव्हती.

पोळ्याच्या आधीची गोष्ट. पाणी गढूळ होतं, वारा आडवा होता. नाव ऐन मधे असताना फळीखालून सुपारी फुटल्यासारखा आवाज आला, आणि डावी पट्टी सुटली. फळीचं ते टोक खाली गेलं. अंजू मागं पडली, नाव कलली आणि ती पाण्यात गेली. तिला पोहता येत नाही. सटवानं वल्हं पुढं केलं, तिनं ते धरलं, आणि मग त्यानं हात, पदर, केस, जे हाती लागलं ते धरून तिला आत ओढलं. अंगणवाडीच्या खाऊचं पोतं गेलं. एक चप्पल गेली. बाकी काही झालं नाही. काठ येईपर्यंत ती नावेच्या तळाशी गुडघे जवळ घेऊन बसली होती. उतरताना एवढंच म्हणाली, "म्या आता ह्या नावंत बसायची न्हाई."

भांडण झालं नाही. दुसऱ्या दिवशी ती फटफटायच्या आत उठली आणि फाट्याच्या वाटेला लागली. पाऊस संपला, थंडी आली, संक्रांतीचं वाण वाटून झालं. ती रस्त्यानंच जात राहिली. संध्याकाळी परत आली की पाय कोमट पाण्यात घालून बसायची, आणि सटवा तिथून उठून मेंढरांकडं जायचा. तिला पुन्हा नावेत बसलेलं बघायचं, याशिवाय त्या हिवाळ्यात त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

सुटलेली पट्टी त्यानं फेकली नव्हती. ती पुन्हा पुन्हा हातात घेऊन बघायचा. चिकटवलेल्या बाजूला रसाचा थर जसाच्या तसा होता, काचेसारखा गुळगुळीत. नावेच्या अंगावर पॉलिश पेपरनं मारलेले ओरखडे त्या थरावर उलटे उमटले होते, इतका तो तिला भिडलेला होता. पण नावेचा एक कणही त्याला लागलेला नव्हता. साय जशी दुधावरून सरकते तसा तो सुटून आला होता.

पट्टी पिशवीत घालून तो माजलगावला गेला.

"तुझं रेझिन डुप्लिकेट हाय," तो दुकानात पाय ठेवतानाच भारतला म्हणाला.

भारत एका टाकीच्या आत बसून तळ घासत होता. त्यानं नुसतं डोकं बाहेर काढलं. "ये, बस. च्या घे. मंग शिव्या दे."

"बायकू बुडता बुडता वाचली बे."

भारत टाकीतून बाहेर आला. पट्टी उजेडात धरून त्यानं थरावर नख मारून पाहिलं. "रेझिन पक्कं हाय. बघ, नख बी उमटंना. ह्येनं नावंला धरलंच न्हाई. तू जागा साफ केली न्हाईस."

"तू सांगितलं तसंच केलं."

"काय केलंस? सांग एकेक."

सटवानं बोटांवर मोजत सांगितलं. आधी साध्या पाण्यानं आणि भांड्याच्या हिरव्या घासणीनं धुतलं. वाळवलं. मग पॉलिश पेपरनं चकाकी जाईपर्यंत घासलं. धूळ झटकली. पांढऱ्या सुती फडक्यावर ॲसिटोन घेऊन एकाच दिशेनं पुसलं, फडकं मळलं की घडी बदलली. मग हात लावला नाही. मग चिकटवलं.

"उलटं तर न्हाई केलंस? आधी घासलं आन् मंग धुतलं असं? तेलकट असंल तर ते ओरखड्यात जाऊन बसतंय."

"न्हाई बे. आधी धुतलं."

"फडकं कसलं? अंजूवैनीच्या डोक्याचं तेल पुसायचं असंल."

"नवं धोतर फाडलं त्याच्यासाठी. आई आजून बोलतीया."

पोरींनी रंगवलेल्या टाकीवर भारत बोटानं ताल धरून बसला. मग म्हणाला, "एक काम कर. ह्या बारीला समदं झाल्यावर चिकटवायच्या आधी तिथं पाण्याचा शिपका मार. जागा साफ असंल तर पाणी चादरीवानी पसरतंय. थेंब थेंब होऊन उभं राहिलं की समज, काहीतरी लागलंय. मंग परत धू. पाणी खोटं बोलत न्हाई."

"हे गेल्या साली कावून न्हाई सांगितलंस?"

"गेल्या साली तू इचारलंस का?" भारत म्हणाला, आणि मोडक्या टाकीचा हातभर तुकडा त्याच्या पिशवीत टाकला. "ह्याच्यावर आधी करून बघ. नावंत शिकत बसू नको."

नवे डबे घेऊन सटवा परतला. भारतनं विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं त्यानं खरं उत्तर दिलं होतं. एक गोष्ट मात्र त्यानं सांगितली नव्हती, आणि ती लपवायची म्हणून नव्हे. ती काम आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

सटवाच्या घरात एक रीत आहे. दरसाल पहिल्या कोकराची पहिली लोकर कातरली की तिचा मूठभर पुंजका देवाच्या कोनाड्यात बिरोबापुढं ठेवतात. त्याला जावळ म्हणतात. घरात नवं काही आलं, घागर असो, मोटरसायकल असो, लेकीची कॉलेजची बॅग असो, की वापरायला काढायच्या आधी त्याच्यावरून जावळ फिरवायचं. लोकर पवित्र. ती सुतकात चालते, देवाखाली चालते. सटवा तान्हा असताना त्याच्यावरूनही कुणीतरी फिरवलं असणार. नमस्कार केला हे जसं कुणी कामाच्या यादीत सांगत नाही, तसंच जावळ फिरवलं हे त्यानं भारतला सांगितलं नाही.

माघातल्या एका सकाळी अंजू गेल्यावर त्यानं काम काढलं. दव होतं, म्हणून ऊन चढेपर्यंत थांबला. उजवी पट्टीही उचकटून काढली आणि नावेच्या आतून जुन्या रसाचे उरलेले पापुद्रे खरवडले. पाण्यानं आणि घासणीनं दोन्ही बाजू धुतल्या. थंडीत, ओलसर हवेत सुकलेल्या रसावर कधी कधी साबणासारखा बुळबुळीत थर येतो आणि तो ॲसिटोनपेक्षा साध्या पाण्यानंच चांगला निघतो, हे भारतनं त्याला बजावलेलं होतं. मग घासलं. नावेचं अंग पांढुरकं, निस्तेज होईपर्यंत घासलं. बाभळीच्या नव्या पट्ट्याही घासल्या. पुसून झालं. खिशातून जावळ काढलं, डोळे मिटले, बिरोबाचं नाव घेतलं आणि डाव्या बाजूच्या जागेवरून तीनदा फिरवलं.

उजवीकडं फिरवायला तो वळला, तेवढ्यात मेंढरांतलं एक पाटरू येऊन ॲसिटोनच्या बाटलीला तोंड लावू लागलं. त्याला हाकलून, बाटली उंचावर ठेवून तो परत आला, तेव्हा शिपक्याची आठवण झाली. तांब्यातून ओंजळीत पाणी घेऊन त्यानं आधी उजवीकडं मारलं. पाणी पसरलं. ओल्या पाटीसारखा एकसंध काळसर डाग झाला आणि हळूहळू खाली सरकला.

डावीकडं मारलं. तिथं पाणी थेंबाथेंबानं उभं राहिलं. थेंब एकमेकांत मिसळेनात. एकेक करून घरंगळले आणि मागं जागा कोरडी ठेवून गेले.

सटवा नावेत उकिडवा बसला होता तसाच बसून राहिला. त्याला वाटलं, आपण एक बाजू विसरलो. पण दोन्ही बाजू एकाच हातानं, एकाच फडक्यानं झाल्या होत्या. फरक एकच होता, आणि तो त्याच्या खिशातून अर्धा बाहेर आला होता.

असं पाणी त्यानं जन्मभर बघितलं होतं. वळवाच्या सरीत मेंढरं खालमानेनं उभी राहतात तेव्हा त्यांच्या पाठीवर पाणी असंच थेंबाथेंबानं बसतं आणि अंग झटकलं की उडून जातं. न धुतलेल्या लोकरीला मेणचटपणा असतो. मेंढरं कातरणाऱ्याचे हात म्हणून तर हिवाळ्यात उलत नाहीत. हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. फक्त मेंढीच्या पाठीवरची गोष्ट त्यानं नावेच्या पोटात कधी आणली नव्हती.

खात्री करायला तो मोटरसायकलपाशी गेला. आरसा धोतराच्या फडक्यानं लख्ख पुसला, त्याच्या अर्ध्या भागावरून जावळ फिरवलं आणि पाणी ओतलं. आरशाच्या एका अर्ध्यात पाणी पसरलं, दुसऱ्या अर्ध्यात थेंब उभे राहिले. त्या थेंबांतून त्याचं तोंड तुकड्यातुकड्यानं दिसत होतं.

तुळजाबाई दारात शेण लावत होती. "आरसा कावून धुतोस रं? लगीन करायचंय का दुसरं?"

सटवानं तिला जवळ बोलावलं आणि आरसा दाखवला. मग नावेत दाखवलं. बोलताना तो जरा चाचरत होता. "आये, गेल्या साली ही पट्टी सुटली नं, ती ह्याच्यामुळं."

"कशामुळं?"

"जावळ."

म्हातारीनं हातातलं शेण पाटीत टाकलं. "देवाच्या लोकरीला दोष देतूस?"

"देवाला न्हाई गं. लोकरीत तेल असतंय. मेंढी पावसात भिजत न्हाई, कावून? तेच तेल इथं लागलं. त्याच्यावर ह्यो रस धरंना."

"तुझ्या आजानं इंजनावरून फिरवलं, तुझ्या बापानं रेडिवोवरून फिरवलं. त्यांचं काय बिघडलं?"

"त्यांनी कायी चिकटवलं न्हाई."

तुळजाबाईनं नावेभोवती एक फेरी मारली. मेंढी विकत घ्यायची असावी तशी ती नावेकडं बघत होती. मग तिनं सटवाच्या खिशातलं जावळ ओढून घेतलं. "आतून नगं तर नगं. बाहेरून तर चालतंय?"

"बाहेरून चालतंय."

"मंग बाहेरून फिरवते. मेंढी भिजत न्हाई, तर नावबी भिजायची न्हाई." आणि ती खरोखरच टोकापासून टोकापर्यंत, बुडापर्यंत वाकून, सगळ्या नावेवरून जावळ फिरवत गेली. सटवानं तिला अडवलं नाही. फक्त ती आत हात घालत नाही ना, एवढं बघत राहिला.

डावी बाजू त्यानं पुन्हा पहिल्यापासून केली. आपले हातही साबणानं कोपरापर्यंत धुतले, कारण हातांनाही तेच तेल होतं. सुती फडक्यावर ॲसिटोन घेऊन पुसलं, आणि थेंब जाऊन पाणी पसरायला लागेपर्यंत तेच तेच करत राहिला. मग उन्हात पूर्ण वाळू दिलं. भारतनं दिलेल्या टाकीच्या तुकड्यावरही त्यानं दोन जागा केल्या. एक नुसती साफ केलेली, एक साफ करून वर जावळ फिरवलेली. दोन्हींवर चिकटवायला बाभळीच्या दोन ढलप्या ठेवल्या.

मग चपट्या ताटलीत माप घेऊन रस कालवला. वाटीत कालवला तर तो आपल्याच उष्णतेनं लवकर घट्ट होतो. आधी पातळ रसाचा एक हात दोन्ही बाजूंना आणि लाकडाला दिला, लाकूड पिईल तेवढा पिऊ दिला. उरलेल्या रसात चाळलेला भुसा मिसळून भाकरीच्या पिठासारखं केलं, म्हणजे उभ्या भिंतीवरून ओघळणार नाही. उजव्या हातानं लेप दिला, पट्ट्या बसवल्या, डाव्या हातानं वेळू मधे सरकवला आणि दगडानं हलकेच ठोकला. चारी बाजूंनी लेपाची बारीक ओळ बाहेर आली. फार दाबलं तर सगळा रस बाहेर येतो आणि आत काही राहत नाही, म्हणून तो तिथंच थांबला.

मधेच फोन वाजला. डाव्या हातानं उचलला.

"शिपका मारला का बे?" भारत होता.

"मारला. आता चिकटवायलोय. ठिव."

"पाणी पसरलं का?"

"पसरलं. ठिव म्हनलं नं!"

उरलेल्या रसात त्यानं दोन्ही ढलप्या टाकीच्या तुकड्यावर चिकटवल्या, तेव्हा ताटली कोमट व्हायला लागली होती.

थंडीचे दिवस म्हणून त्यानं जोडाला पुष्कळ सवड दिली. रोज बघायचा, हात लावायचा नाही. शेवटी वेळू काढला आणि फळी पट्ट्यांवर बसवून आवळली. सुट्टीचा दिवस बघून त्यानं अंजूला काठावर नेलं. फळीवर तो उभा राहिला. नाचला. मिठाची गोणी आपटली. एक आडदांड मेंढा उचलून फळीवर उभा केला. मेंढ्यानं फळीवर लेंड्या टाकल्या आणि उडी मारून गेला.

अंजू हसली नाही. "गेल्या साली बी तुमी असंच नाचलावता," ती म्हणाली.

त्यावर त्याच्याकडं उत्तर होतं, आणि याच वेळेसाठी त्यानं ते राखून ठेवलं होतं. टाकीचा तुकडा त्यानं दगडावर ठेवला. जावळ फिरवलेल्या जागेवरच्या ढलपीला कुऱ्हाडीचा दांडा आडवा मारला. टक्क आवाज झाला आणि ढलपी गुळगुळीत पाठ घेऊन बाजूला पडली. तो आवाज अंजूनं ओळखला. ती अर्धं पाऊल मागं सरली.

मग दुसरी. एकदा मारलं, हलली नाही. दोनदा मारलं. तिसऱ्या वेळी त्यानं दोन्ही हातांनी मारलं तेव्हा ती निघाली, पण एकटी आली नाही. टाकीच्या फायबरचा धाग्याधाग्यांचा पदर उपटून घेऊन आली. तिच्या जागी टाकीला खड्डा पडला होता.

"बघ," सटवा म्हणाला. त्याला दम लागला होता. "टाकी फाटली, जोड न्हाई सुटला. नावंत हाच जोड हाय. जावळाचं तेल म्या आत राहू दिलं न्हाई."

अंजूनं ती ढलपी हातात घेतली. निघालेले धागे बोटानं ओढून पाहिले. ते येईनात. तिनं दुसरी ढलपी उचलली, दोन्ही शेजारी धरल्या, उलट्या केल्या. वरून दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

"हिला तोडली म्हणून कळलं," ती म्हणाली.

"व्हय."

"आन् नावंतली? ती तर तुमी तोडली न्हाई."

"ती तोडून कसं चालंल?"

"तेच म्हणते म्या. ती न तोडता कशावरून कळायचं?"

"म्या पाणी मारून बघितलं की. पसरलं व्हतं."

"ते चिकटवायच्या आधी. त्याच्या मागून तुमचं बोट लागलं असंल, घामाचा थेंब पडला असंल. आता झाकलं गेलं ते."

सटवानं तिथंच भारतला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

भारत सगळं ऐकून म्हणाला, "वैनी, मोठ्या कारखान्यात त्याच्यासाठी मशिनी असतात म्हणं. आवाज सोडतात आतून. त्या बी पुरतं सांगत न्हाईत असं ऐकलंय. आमी आपलं नाण्यानं ठोकतो. पोकळ असंल तर बद्द वाजतंय."

"आन् गेल्या सालची?" अंजूनं विचारलं. "ती पोकळ व्हती का?"

"न्हाई," भारत म्हणाला. "ती भिडलेलीच व्हती. ती बी बद्द वाजली नसती."

फोन बंद झाला. अंजूनं दोन्ही ढलप्या पिशवीत टाकल्या आणि ती वस्तीकडं निघाली.

सोमवारी ती अंधारात उठली नाही. ऊन अंगणात आल्यावर डबा बांधला, नवी चप्पल हातात घेतली आणि सटवाच्या मागून काठावर आली. तुळजाबाई मेंढरांच्या वाड्यापाशी उभी राहून बघत होती. सटवानं नाव पाण्यात लोटली, एका हातानं कडेला धरून ठेवली आणि दुसरा हात पुढं केला. अंजू हात धरून आत आली. फळीपाशी थांबली. फळी नव्यानं रंगवलेली, कोरडी, रिकामी होती. तिनं ती ओलांडली, नावेच्या तळाशी गोणपाट अंथरलं, आणि फळीला पाठ टेकून खाली बसली.

सटवानं वल्हं घेतलं. पाणी शांत होतं. मधे आल्यावर तिनं पाठ जरा जोरात फळीला रेटली, आणि पुन्हा एकदा रेटली. फळी हलली नाही. तिनं मागं वळून त्याच्याकडं बघितलं नाही. पलीकडं गाव जवळ येत होतं, टाकीवर बसलेली पाखरं दिसायला लागली होती. तळाशी थोडंसं पाणी साचून गोणपाटाची कड भिजत होती. वर फळी कोरडी होती.

सटवा वल्हवत होता आणि त्याच्या डोक्यात तिचाच प्रश्न फिरत होता. भारतला विचारून झाला, आता कुणाला विचारावा ते त्याला कळत नव्हतं. एकदा चिकटलेला जोड आतून खरंच धरून बसलाय की नुसता टेकून बसलाय, हे तो न तोडता ओळखायचं कसं?